साहेबाचे ओटे आणि विडीचे थोटूक

दरवर्षी १८ ऑगस्टच्या सुमारास विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा वाढदिवस साजरा होतो. आसपासच्या शाळांतली मुले येतात, कुणीतरी सूर्यग्रहणावर बोलते, मग सगळे ‘साहेबाचे ओटे’ पाहायला जातात. काही वर्षांपूर्वी अशाच एका नववीच्या वर्गाबरोबर मीही गेलो होतो. निवृत्त शिक्षकाला कुणी बोलावले की तो नाही म्हणत नाही. ओट्यांपाशी मी वर्णपटाची गोष्ट रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात एका मुलाने खाली वाकून विडीचे थोटूक उचलले, सर्वांना दिसेल असे वर धरले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, “सर, ही साहेबाचीच काय?”

वर्ग हसला, मीही हसलो. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण घरी परतताना मनात आले की या मुलाने नकळत दोन चांगले प्रश्न विचारले आहेत. एक साहेबाविषयी आणि दुसरा आपल्या हसण्याविषयी.

पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात एक दुरुस्तीही आहे. नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ चे खग्रास ग्रहण विजयदुर्गावरून पाहिले आणि इथेच हेलियम सापडला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्या वर्षी १८ ऑगस्टला भारतातून ग्रहण दिसले हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडातच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमची नव्हे असे ठरले, आणि तिच्या धन्याला पुढे हेलियम हे नाव मिळाले. लॉकयर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या आरमारी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी इथे निरीक्षणे घेतली. तेव्हा ओट्यांचे नाते या दुसऱ्या तारखेशी जोडायला हवे. विजयदुर्गाचा मान त्याने कमी होत नाही. नांगरलेल्या गलबतावरच्या खलाशांकडून सूर्याचा अभ्यास करून घेणारे ठिकाण जगात फार नसेल.

आता थोटकाविषयी. साहेब ज्या शास्त्राच्या बळावर इथे आले, त्या वर्णपटशास्त्राच्या जन्माच्या वेळी खरोखरच तंबाखूची राख हजर होती. हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८६० मध्ये दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत आपल्या ठरलेल्या रेषा उमटवते. लिथियम हे तोवर मोजक्या खनिजांत मिळणारे दुर्मीळ द्रव्य समजले जात होते. या नव्या यंत्राने ते भलभलत्या ठिकाणी दिसू लागले, आणि त्यांतले एक ठिकाण म्हणजे तंबाखूची राख. सिगारची राख हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ज्योतीत धरली की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्यासोबत लिथियमची तांबडी रेषाही दिसते. बुन्सेन यांना सिगारचा शौक होता, त्यामुळे नमुन्यासाठी त्यांना लांब जावे लागले नसणार! विडीच्या राखेवर हा प्रयोग शाळेत करता येईल. मात्र सोडियमचा पिवळा रंग इतका दांडगा असतो की नुसत्या डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही, म्हणून साधा का होईना, वर्णपटदर्शक लागतोच. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा येणार आहे.

उरला दुसरा प्रश्न. आम्ही हसलो का? किल्ल्यावर एके काळी दारूकोठार होते. त्याच्या दाराशी कुणाला जळती काडी दिसली असती तर कोण हसले असते? विडीत धूर तोच आणि विस्तवही तोच, पण विडी म्हटली की आपल्याला गंमत सुचते. याचे कारण शोधायचे तर चारशे वर्षे मागे जावे लागते, आणि सुदैवाने सुरुवात आपल्याच परिसरात होते.

शिवाजी महाराजांकडे येण्यापूर्वी हा किल्ला ‘घेरिया’ या नावाने विजापूरच्या आदिलशाहीत होता. कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरलेला परदेशी माल घाट चढून विजापूरच्या बाजारात जाई. अमेरिकेतून निघालेली तंबाखू पोर्तुगिजांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागली आणि नावही पोर्तुगिजांचेच घेऊन आली. अकबराचा एक सरदार असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू नेली. सोबत सुमारे तीन हात लांबीची, टोकांना जडावकाम केलेली एक देखणी नळी होती. दरबारातला प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. बादशहाने विचारले, हे काय? एका अमिराने सांगितले, ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, आणि हे औषध म्हणून आणले आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. राजवैद्य घाबरला. त्याचे म्हणणे असे की, हे द्रव्य पारखलेले नाही, आमच्या ग्रंथांत याविषयी काही लिहिलेले नाही, बादशहांनी पुढे घेऊ नये. असदबेग म्हणाला, फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातल्या शहाण्यांनी पारख केलीच असेल. वैद्य म्हणाला, आम्हांला फिरंग्यांच्या मागे जायचे नाही. त्यावर असदबेगाचे उत्तर असे की, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. बादशहा खूश झाला आणि म्हणाला की, केवळ आपल्या पोथ्यांत नाही म्हणून एखादी गोष्ट नाकारत गेलो तर आपण पुढे कसे जाणार?

शिक्षक म्हणून मला हा संवाद फार अडचणीचा वाटतो. एरवी आपण वर्गात जे शिकवतो ते अकबर बोलतो आहे. पोथीत नाही म्हणून नाकारू नका, करून पाहा! आणि वैद्य पोथीला चिकटून बसला आहे. तरी शरीरापुरते पाहिले तर वैद्य बरोबर ठरला आणि बादशहा चुकला. (अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही हा भाग वेगळा. अमीर-उमरावांनी मात्र असदबेगाकडून तंबाखू मागून घेतली आणि लवकरच व्यापारी ती विकू लागले.) ‘करून पाहा’ हे तत्त्व चुकीचे नव्हते. दोन-तीन झुरके हा प्रयोग अपुरा होता. ज्या गोष्टीचा परिणाम तीस वर्षांनी दिसायचा, तिची परीक्षा तीन झुरक्यांत कशी व्हावी?

शिवाय, धूर औषध म्हणून ओढण्याची कल्पना या देशाला नवी नव्हती. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचा लेप लावून वाळवलेल्या धूमवर्तीचे वर्णन आहे. ती कधी ओढावी आणि अति केल्यास काय होते तेही तिथे सांगितले आहे. अर्थात तिच्यात तंबाखू नव्हती. नवी वस्तू आली ती या जुन्या ओळखीच्या दारातून आत शिरली. ‘धूम्रपान’ म्हणजे धूर पिणे. इंग्रजही पहिल्यांदा तंबाखू ‘पितो’ असेच म्हणत. ओढण्यासाठी वेगळे क्रियापद सापडायला त्यांनाही वेळ लागला.

आणखी एक योगायोग पाहा. ज्या १६०४ च्या सुमारास आग्र्याला हा वाद झाला, त्याच वर्षी लंडनमध्ये राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या निषेधाची एक पुस्तिका काढली. धूर डोळ्यांना, नाकाला, मेंदूला आणि फुफ्फुसाला वाईट, असे त्याने लिहिले. पण वाईट का, याचा पुरावा त्याच्याकडेही नव्हता. होता तो तिरस्कार आणि राजदंड. त्याने पौंडामागे दोन पेन्सची जकात सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली, म्हणजे सुमारे चाळीस पट. लोक ओढतच राहिले.

पुढे जहांगीरने १६१७ मध्ये आपल्या राज्यात तंबाखूला बंदी केली, कारण ती बहुतेकांच्या प्रकृतीत बिघाड करते. इराणात शाह अब्बासनेही मनाई केली होती. आता गंमत अशी की, जहांगीरने शाह अब्बासकडे जो वकील पाठवला तो खान आलम हा तंबाखूशिवाय क्षणभर राहू न शकणारा गृहस्थ होता. दोन बंदी घालणाऱ्या राजांच्या मधोमध हा धूर काढणारा! शाहच्या कानावर त्याची तळमळ गेली, तेव्हा त्याने एक चुटकेदार शेर लिहून वकिलाला सूट दिली. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत मिटक्या मारत सांगितली आहे. बंदी घालणाराच बंदीभंगाची गोष्ट विनोद म्हणून सांगतो. धुराविषयीच्या आपल्या सार्वजनिक वागण्याचा सगळा नमुना मला इथे दिसतो. नियम करायचा आणि नियम मोडणाऱ्याकडे पाहून डोळे मिचकावायचे.

एका जागी मात्र कुणी डोळे मिचकावत नसे, आणि ती जागा म्हणजे आगीची. शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले गवत आणि दाणा जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, हा त्याचा मुख्य विषय आहे.  पण त्यात गवताच्या आगीविषयी जो मजकूर आहे तो वर्गात फारसा वाचला जात नाही. कुणी शेकोटी पेटवील, कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी तमाखूसाठी विस्तव घेईल. गवत पडले आहे, वारा सुटला आहे, हे ध्यानात घेणार नाही. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल. एवढे बारीकसारीक पाहून ठेवले आहे. म्हणजे तंबाखू विजापुराहून आग्र्याला गेल्यानंतर सत्तर वर्षांच्या आत कोकणातल्या छावणीतला साधा शिपाई ती ओढत होता. राजाच्या नजरेला त्यात दिसलेला धोका गवताच्या गंजीचा होता, शिपायाच्या छातीचा नव्हे. आणि त्या काळी जे दिसू शकत होते ते त्यांनी उंदरासकट पाहिले!

विस्तवाचा धाक म्हणजे काय ते विजयदुर्गाने नंतर स्वतः अनुभवले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर हल्ला केला. क्लाइव्हही बरोबर होता. इंग्रजांकडूनच पकडलेले ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाज आंग्र्यांच्या आरमारात उभे होते. त्यावर एक तोफगोळा पडला, ते पेटले, आणि एकमेकांना बांधल्यासारख्या जवळजवळ उभ्या असलेल्या गुराबा-गलबतांना आग लागत गेली. आंग्र्यांचे आरमार एका संध्याकाळी जळाले. लाकूड, डांबर, सुती शिडे, दोर आणि पोटात दारूगोळा, हे जहाजाचे शरीर. म्हणून लाकडी जहाजांच्या काळात इंग्रजी आरमारात विडी-चिलीम ओढायची तर भटारखान्यापाशीच, जिथे विस्तव तसाही असतो, असा दंडक होता. खलाशी मग तंबाखू चघळू लागले. त्यांच्या गालात तंबाखूची गोळी का असे, याचे उत्तर जहाजाच्या डांबरात आहे.

आगीखालोखाल दुसरा नियम शिष्टाचाराचा. आमच्या गावात वडीलधारे दिसले की तरुण पेटती विडी मुठीत उलटी धरून मूठ पाठीमागे नेई. धूर मुठीतून वर जातच असे. वडिलांना तो दिसे आणि मुलालाही ठाऊक असे की तो दिसतो, तरी दोघे हवापाण्यावर बोलत. यात आदर होता, पण तो थोरांचा. फुफ्फुसाचा संबंध नव्हता. रेल्वेच्या कायद्यातही असाच शिष्टाचार सापडतो. १८९० च्या कायद्याप्रमाणे डब्यातल्या सहप्रवाशांच्या संमतीशिवाय धूम्रपान करणाऱ्याला वीस रुपयांपर्यंत दंड होता. १९८९ च्या कायद्यात शब्द बदलले. सहप्रवाशाने हरकत घेतल्यास ओढू नये, आणि दंड शंभरापर्यंत. दंड वाढलेला दिसतो, पण नीट वाचा. आधी ओढणाऱ्याने विचारायचे होते, आता न ओढणाऱ्याने बोलायचे! मूठ पाठीमागे नेणाऱ्या समाजात हरकत घेणार कोण?

न बोलण्याची ही सवय विनोदाने सोपी केली. मी १९७९ साली किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. तिथल्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत धुराचा पडदा असे. गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक म्हणत, “मी सिगारेट सोडण्यात पटाईत आहे, वर्षातून चारदा सोडतो.” खोकल्याची ढास लागली की कुणीतरी म्हणे, “सरांची गाडी घाटाला लागली.” आणि सगळ्यांचा हुकमी एक्का म्हणजे कुणाचा तरी नव्वदीपर्यंत विडी ओढणारा आजोबा. हा आजोबा प्रत्येक गावात असतो. त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकातला धडा टिकत नाही, कारण आजोबा डोळ्यांनी पाहिलेला असतो. मीही त्या खोलीत बसून दिवसाला सात-आठ चारमिनार ओढत असे, आणि दुपारच्या तासाला फुफ्फुसांची आकृती फळ्यावर काढत असे. यात काही विसंगत आहे असे मला वाटत नव्हते.

आजोबाला उत्तर मिळते ते मोजणीतून. आपल्याकडे ते काम फार लवकर सुरू झाले होते, याचा विसर पडला आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णांच्या नोंदी काढायला घेतल्या. (आडनाव वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीची आठवण करून देते.) तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी दाखवले की तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीचा, तर ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशाकडच्या भागाचा कर्करोग अधिक आढळतो. सवय जिथे लागते तिथे रोग उठतो, हे रुग्णांच्या नोंदींतून पुढे आले. आमच्या शेजारी गोव्यात फणसाच्या पानात गुंडाळलेली ‘धुमटी’ ओढतात. काही बायका तिचे पेटते टोक तोंडात धरून ओढत, आणि त्यांच्या टाळूवरचे बदल संशोधकांनी पुढे नोंदवले आहेत.

इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये केलेली तुलना तर वर्गात गणित म्हणून घालावी अशी आहे. फुफ्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष. पहिल्या गटात कधीच धूम्रपान न केलेले २, दुसऱ्यात २७. मुलांना विचारा, फरक केवढा? २ आणि २७ पाहिले तर मोठा. पण उलट बाजूने पाहा. पहिल्या गटात ओढणारे ६४७ आणि दुसऱ्यात ६२२. म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ सगळेच ओढणारे! वॉर्डात फिरणाऱ्या डॉक्टराला खाटांमध्ये काहीच फरक दिसला नसता. सोडियमच्या पिवळ्या उजेडात लिथियमची तांबडी रेषा लपते, तसे हे. जिथे सगळेच ओढतात तिथे धूर कारण म्हणून दिसत नाही, तो हवेसारखा वाटतो. तिथे डोळ्यांऐवजी कोष्टक लागते. डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. या कामाच्या दरम्यान आकडे पाहून त्यांनी ती सोडली आणि ते ९२ वर्षे जगले. (हा पुन्हा एक आजोबाच झाला, त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये.)

अमेरिकेत त्याच वर्षी विंडर आणि ग्रॅहॅम यांनीही असाच निष्कर्ष काढला. ग्रॅहॅम हे १९३३ मध्ये कर्करोगासाठी अख्खे फुफ्फुस यशस्वीपणे काढणारे नामवंत शल्यविशारद होते आणि दांडगे धूम्रपान करणारे. सिगारेटचा खप आणि हा रोग बरोबरीने वाढले, असे कुणी म्हटले की ते आधी थट्टेने उत्तर देत: नायलॉनच्या पायमोज्यांचा खपही बरोबरीने वाढला आहे! विनोद म्हणून उत्तम, आणि तर्क म्हणूनही चूक नाही. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपणही शिकवतो. पण त्यांनी थट्टेवर थांबून न राहता मोजणी केली, आणि मोजणी झाल्यावर सवय सोडली. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले. ज्याचे फुफ्फुस त्यांनी १९३३ मध्ये काढले होते तो रुग्ण त्यांच्या मागे सहा वर्षे जगला.

“ती इंग्रजी सिगारेट, आपल्या विडीत काय असते, पान आणि चिमूटभर तंबाखू,” असे आपल्याकडचे लोक म्हणत. स्वदेशीच्या काळात विलायती सिगारेटवरच्या बहिष्काराने विडीला प्रतिष्ठाही दिली होती. याचे उत्तर २००८ मध्ये आले. देशभरातल्या सुमारे ११ लाख घरांतून, गेलेल्या माणसाला काय सवय होती आणि तो कशाने गेला, असे विचारून केलेल्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, स्त्रीचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे १० वर्षांनी कमी भरले. आपल्याकडे यात क्षयाचा वाटा मोठा आहे.

कायदे या मोजणीच्या मागून आले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, असा फलक आता प्रत्येक फाटकावर असायला हवा. तुमच्या शाळेचा शाबूत आहे का, ते जाता-येता पाहावे.

माझी सवय १९९१ मध्ये सुटली. त्याचे श्रेय विज्ञानाला द्यावे असे वाटते, पण खरे कारण गणिताचे ते शिक्षक. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच ते गेले. शेवटी भेटायला गेलो तेव्हा त्यांना एक वाक्य पुरे करायला तीन श्वास लागत होते, तरी दुसऱ्या श्वासाला त्यांनी विनोद केला. मला तो नीट ऐकू आला नाही आणि पुन्हा सांगा असे म्हणवेना.

त्या दिवशी विडीचे थोटूक दाखवणाऱ्या मुलासह आम्ही किल्ला उतरलो आणि जेटीवर आलो. तिथे जाळी सावरत बसलेला, साठीला टेकलेला एक माणूस उठून पुढे आला. “सर, वळाखलात काय माका?” मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले. १९८० च्या सुमारास आठवीत माझ्यापुढे पहिल्या बाकावर बसायचा. मधल्या सुट्टीत मी त्यालाच नाक्यावर पिटाळत असे. शाळेपासून दुकानापर्यंत पळत जाऊन पळत येई, म्हणून त्यालाच. तो मुलांकडे वळून हसत हसत सांगू लागला की सरांच्या सिगारेटी मीच आणून द्यायचो, आणि एकदा वाटेत पाकिटातली एक कमी झाली ती सरांना कळलीच नाही. मुले खो खो हसली. मग त्याला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मुले हळूहळू गप्प झाली.

“आता सोडलंय सर,” तो म्हणाला. “डॉक्टरान सांगल्यान.”

बसची वेळ झाली होती. आमच्याबरोबरच्या बाईंनी मुलांना रांगेत उभे केले. तो परत जाळ्यापाशी जाऊन बसला, आणि त्या मुलाने हातातले थोटूक कुठे टाकावे हे न कळून ते माझ्याकडे दिले.